ॲन आर्बरमधला एक सत्कार

डेट्रॉइट

माझ्या बॅगेत रांगोळी होती. दिवाळीपर्यंत राहणार म्हणून सून गौरी फोनवर म्हणाली होती, "आई, इकडे रांगोळी मिळते, पण भरभरीत असते. तुमच्याकडची आणा." मी कऱ्हाडच्या बाजारातून पांढरीशुभ्र, चिमटीतून सुरसुर सुटणारी रांगोळी घेतली, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली आणि मेतकुटाच्या डब्याशेजारी ठेवून दिली. गोष्ट २००५ सालची. त्या काळात अमेरिकेच्या विमानतळावर बिननावाची पांढरी पूड घेऊन उतरायचं म्हणजे काय, हे जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेल्या बाईला कुठून कळणार?

हातमोजे घातलेल्या अधिकाऱ्यानं पिशवी उचलून विचारलं, हे काय? मी म्हटलं, पावडर. कशासाठी? जमिनीवर चित्र काढायला. तो नुसता बघत राहिला. माझं इंग्रजी तिथंच संपलं, म्हणून मी पिशवी सोडली, चिमूटभर घेतली आणि त्याच्या स्टीलच्या टेबलावर कमळ काढायला लागले. दोन पाकळ्या होतायत तोवर आणखी दोघं धावत आले आणि मला हात बाजूला घ्यायला सांगितलं. पुढे बराच वेळ मी एका काचेच्या खोलीत रामरक्षा म्हणत बसले होते. शेवटी त्यांनी मला सोडलं. रांगोळी ठेवून घेतली, मेतकूट परत दिलं.

बाहेर निनाद, माझा मुलगा, पांढराफटक पडून उभा होता. गाडीत बसल्यावर तो एवढंच म्हणाला, "आई, इथं कुणाला काही समजावून सांगायला जाऊ नकोस. आमचं ग्रीन कार्डचं काम चालू आहे. मान डोलवायची आणि पुढं जायचं." मी मान डोलवली. मी मुळातच काळजीखोर. दार लावलं की नाही हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारी बाई मी. 

ॲन आर्बर

गाव मात्र देखणं. युनिव्हर्सिटीचं गाव, त्यामुळे जिकडे तिकडे पाठीवर सॅक घेतलेली मुलं, सायकली आणि वेळेवर येणाऱ्या बसेस. सप्टेंबरच्या शेवटी झाडं अशी लाल-पिवळी झाली की मला रंगपेटी न आणल्याची हळहळ वाटली. निनाद हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, गौरी तिच्या ऑफिसात, सात वर्षांची नात इरा शाळेत. घरात मी आणि डिशवॉशर. कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत, फोडणी देताना धुराचा भोंगा वाजतो म्हणून पंखा लावायचा, दारावर कुणी आलं तर उघडायचं नाही. मी विचारायचे, "इरा, जेवलीस का ग?" ती म्हणायची, "आय ॲम डन, आजी." मराठी सगळं कळतं पोरीला, पण उत्तर इंग्रजीत.

एका दुपारी बसनं गावाबाहेरच्या ग्रोसरीला निघाले होते. दफनभूमीच्या अलीकडे बस थांबली आणि मला आवाज ऐकू आला. टक् टक् टक्, मग थांबून एक जरा जड टक्. आमच्या पेठेत पूर्वी "पाट्याला टाकी"वाला यायचा, गुळगुळीत झालेला पाटा टोचून खरखरीत करून द्यायला, त्याच्या छिन्नीचा हुबेहूब तोच ताल. मी उतरले. निनादचा सल्ला उतरताना आठवला, पण तोवर बस गेली होती.

आवाजाच्या मागे गेले तर एका फाटकाआत दगडकामाचं अंगण होतं, थडग्यांच्या पाट्या एकीला एक टेकवून ठेवलेल्या. आणि मधोमध ग्रॅनाइटचा एक क्रूस, पुरुषभर उंच. त्याच्या पायथ्याशी लहान लहान माणसांची गर्दी कोरलेली, कुणी रडतंय, कुणी शिडी धरलीय, एकजण पाठमोरा. जन्मात मी इतकं जिवंत दगडकाम दोन-तीनदाच पाहिलंय. त्याच्याशेजारी तिवईवर एक म्हातारा बसला होता, पंच्याऐंशीच्या घरातला, गुडघ्यावर चामड्याचा तुकडा. त्याचं नाव यान. आम्ही दोघंही आपापलं मोडकं इंग्रजी बोलायचो, आणि बहुधा त्यामुळेच आमचं छान जमलं. इथं मी ते सगळं मराठीतच लिहिते आहे.

मी त्याला सांगितलं की तुमचा आवाज आमच्या गावातला आहे. तो म्हणाला, कसला आवाज? मग मी बसच्या वेळापत्रकाच्या पाठीमागे पाटा आणि वरवंटा काढून दाखवला, त्यावर टाकीच्या खुणा कशा तिरप्या असतात ते ठिपके देऊन दाखवलं. त्यानं कागद उलटसुलट केला आणि म्हणाला, "आठवड्यानं या."

पाटा आला आणि गौरीच्या किचनच्या ओट्यावर बसला. ओल्या नारळाची चटणी वाटली तेव्हा गौरीच्या चक्क डोळ्यांत पाणी आलं. बातमी महाराष्ट्र मंडळात पसरली, बायका बघायला आल्या, आणखी चार पाट्यांची मागणी झाली. यान पैसे घेईना. म्हणाला, "तुम्ही बायका इथं बसून आपसांत बोला. मला काही कळत नाही, पण लहान भाषा ऐकली की बरं वाटतं."

मी म्हटलं, "आमची लहान नाही हो. कोट्यवधी लोक बोलतात."

"मग तुमची नात का बोलत नाही?" तो म्हणाला. मला राग आला.

घावन

यान ब्रिटनीचा. फ्रान्सच्या नकाशात पश्चिमेला समुद्रात घुसलेलं जे टोक दिसतं, ते. तिथली ब्रेटन ही भाषा फ्रेंचपेक्षा अगदी वेगळी. एका रविवारी त्यानं मला आणि इराला जेवायला बोलावलं. त्याची मुलगी रोझेन नर्स होती, पन्नाशीची, विधवा, बापाजवळच राहायची. तिनं लोखंडी तव्यावर कुट्टूच्या काळसर पिठाची पातळ धिरडी घातली. मी म्हटलं, अहो, हे तर आमचं घावन! फक्त वर खारट लोणी आणि अंडं. इरानं तीन खाल्ली. घरी माझं घावन ती बोटानं ढकलते.

जेवताना यान आपली हकिगत सांगत होता. शाळेत ब्रेटन शब्द तोंडातून निघाला की मास्तर पोराच्या गळ्यात दोरीनं लाकडी जोडा अडकवायचे. दुसरं कुणी पोर ब्रेटन बोलताना सापडेपर्यंत तो काढायचा नाही. म्हणजे सुटायचं असेल तर दुसऱ्याला पकडून द्यायचं. यानच्या गळ्यात तो जोडा इतक्या वेळा असायचा की आई त्याच्या सदऱ्याला तिथं ठिगळ लावायची. पुढे तो एका गवंड्याच्या हाताखाली दगड शिकला, चर्चपुढचे क्रूस दुरुस्त करू लागला. मग भाषेसाठी, स्वतंत्र ब्रिटनीसाठी झगडणाऱ्या मंडळींत सामील झाला. भिंतींवर डांबरानं घोषणा लिहिल्या म्हणून फ्रेंच सरकारनं तुरुंगात टाकलं. "मग लढाई झाली," तो म्हणाला. "लढाईनंतर फ्रेंचांनी मला गोळी घातली असती. मी आयर्लंडला पळालो, तिथून इकडे. तेव्हापासून लोकांची नावं दगडावर कोरतो."

मधली लढाई त्यानं एका वाक्यात ओलांडली. ती मी माझ्या मनानं भरून काढली. का नाही काढणार? माझे वडील, आप्पा, बेचाळीसचे भूमिगत. मी वर्षाची होते, ते उसाच्या फडात लपत होते. गावातल्याच एकानं पोलिसांना वाट दाखवली. आप्पा पकडले गेले, त्यांचे मित्र नाना गोळी लागून गेले. दर नऊ ऑगस्टला आमच्या घरी नानांचं आणि इतर गेलेल्यांचं नाव मोठ्यानं घ्यायची पद्धत आहे. ज्यानं वाट दाखवली त्याचं नाव मात्र मी आप्पांच्या तोंडून कधीही ऐकलं नाही. 'तो' म्हणायचे. त्याच्या घरचं हळदीकुंकू आम्ही घेत नव्हतो.

हे सगळं मी यानला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि तव्याकडे बघत बसला. रोझेननं ताटं उचलली.

मंदारची आयडिया

मंडळाचा अध्यक्ष मंदार, पुण्याचा, कंप्यूटरवाला, उत्साहाचा नुसता झरा. दिवाळीच्या कार्यक्रमासाठी त्याला दगडी दीपमाळ हवी होती. मी चित्र काढून दिलं, यान कामाला लागला, तेही फुकट. मंदार म्हणाला, "काकू, मग आपण ह्यांना फेलिसिटेट करायलाच पाहिजे यार. शाल-श्रीफळ, मानपत्र, सगळं प्रॉपर करू. कोण आहेत एक्झॅक्टली हे?"

मी म्हटलं, "स्वातंत्र्यसैनिक आहेत. भाषेसाठी तुरुंगात गेलेत."

हे वाक्य माझंच. मीच ते ऐटीत म्हटलं. संध्याकाळपर्यंत मंडळाच्या वेबसाइटवर यानच्या फोटोसकट 'ज्येष्ठ स्वातंत्र्यसैनिक शिल्पकाराचा सत्कार' असं झळकलं आणि मानपत्र लिहायचं काम अर्थात माझ्याकडे आलं, अक्षर चांगलं म्हणून. आप्पांना तालुक्याच्या गावी मानपत्र दिलं होतं, त्यातली वाक्यं मला पाठ होती. 'पारतंत्र्याच्या काळोखात ज्यांनी घरादाराची पर्वा केली नाही' वगैरे. तीच मी यानसाठी उतरवून काढली. फक्त सालं हवी होती, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात त्याच्या घरी गेले.

रोझेन

यान अंगणात काम करत होता. दीपमाळेचे हात कोरून होत आले होते. रोझेन स्वयंपाकघरात एकटीच होती. मी कागद काढला, आणि मानपत्रातला मजकूर हौसेनं तिला इंग्रजीत सांगितला. तिनं नळ बंद केला. हात पुसले, पुसतच राहिली.

"हे थांबवता येईल का?" ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. जर्मन फौजा ब्रिटनीत आल्या तेव्हा यानच्या मंडळींना वाटलं, आपला दिवस आला. फ्रेंचांनी जी भाषा दाबली ती जर्मनांनी रेडिओवर येऊ दिली. यानला कामं मिळाली, प्रदर्शनं झाली. शेवटच्या वर्षात तो जर्मनांबरोबर लढणाऱ्या ब्रेटन तुकडीत गेला, त्यांची वर्दी घातली. आणि त्यांच्या गावचे शाळामास्तर, एमिल गोर्देन, जर्मनांपासून पळणाऱ्या लोकांना लपवून रात्री समुद्रापलीकडे पोचवायचे, ते त्यानं जर्मनांना सांगितलं. मास्तरांना नेलं. ते परत आले नाहीत.

"तिकडची शिक्षा कधीच माफ झालीय," रोझेन म्हणाली. "पण इथं येताना त्यांनी हे लपवलं. असे म्हातारे शोधून काढून देशाबाहेर घालवतात हे अमेरिकन लोक. आणि तुम्ही त्यांचा फोटो इंटरनेटवर टाकलाय."

त्या घरी मी जेवले होते. इरा जेवली होती. फितुराच्या घरचं पाणी न पिणाऱ्या घरातली मी, आणि त्या माणसाची लहान पोरीसारखी वाट बघत अंगणात जाऊन बसायचे. रागही आला, स्वतःचा जास्त. आणि लगेच दुसरी भीती: माझ्या एका वाक्यापायी हा म्हातारा या वयात परदेशी पोलिसांच्या हाती लागला तर?

घरी आल्यावर निनादला सांगितलं. तो लॅपटॉप मिटून म्हणाला, "आई, प्लीज. हे आपलं काम नाही. तू आजारी पड, प्रोग्रॅम कॅन्सल कर. उद्या कुणी विचारायला आलं तर माझं नाव येईल यात." त्याचं चुकत नव्हतं. त्या दिवशी गौरीनं चटणी मिक्सरवर वाटली.

मी मंदारला फोन करून यानच्या घरच्यांना प्रसिद्धी नको आहे, फोटो आणि मजकूर काढून टाक, असं सांगितलं. ते खरंच होतं. त्यानं कुरकुरत काढलं. "पण काकू, सत्कार तर करायचाच ना? हॉल बुक आहे, केटररला ॲडव्हान्स दिलाय. लोकांना सांगितलंय यार." आता सगळं माझ्यावर आलं. मानपत्र वाचलं तर आप्पांसाठी म्हटलेली वाक्यं मी या माणसासाठी म्हणणार होते. सगळ्यांना खरं सांगितलं तर त्याला धोका. आणि गप्प बसून कार्यक्रम उधळला तर तो मास्तर पुन्हा कुणाला कळणार नव्हता. 

अंगणात

शेवटी मी यानलाच जाऊन विचारलं. थंडी पडायला लागली होती. तो लोकरीची टोपी घालून दीपमाळेच्या खालच्या चौथऱ्यावर वेलबुट्टी काढत होता. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "रोझेननं मला सांगितलं."

त्यानं छिन्नी खाली ठेवली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

"मला कसं माहीत असणार?"

"तुमचे लोकही त्यांच्याकडे गेले होते," तो शांतपणे म्हणाला. "दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर मी पाहिलेत. फेटे बांधलेले, अंगावर जर्मन वर्दी. इंग्रजांविरुद्ध लढायचं म्हणून गेलेले. तुम्ही वडिलांचं सांगितलंत तेव्हा मला वाटलं, हे लोक समजून घेतील. साठ वर्षांत मला कुणी बोलावलं नव्हतं."

आमच्या घरात आप्पांच्या फोटोशेजारी अशा एका पुढाऱ्याचा फोटो आहे, ज्यानं शत्रूच्या शत्रूशी हात मिळवला. मी स्वतः त्याला हार घालते आणि घालणार. ते आणि हे एक नाही असं मला आतून वाटत होतं, पण का नाही हे त्या अंगणात, त्या इंग्रजीत मला धड मांडता येईना. म्हणून जे मांडता येत होतं तेच विचारलं.

"आणि मास्तर?"

त्यानं दगडावरची धूळ हातानं झटकली. मग म्हणाला, "माझ्या गळ्यात जोडा त्यानंच अडकवला होता. जर्मनांनी विचारलं, गावात लोकांना कोण लपवतं. मी सांगितलं. मला वाटलं, भाषेचं उट्टं काढलं." तो पुढे म्हणाला, "तो चांगला शिक्षक होता. चित्र काढायला मला त्यानंच कागद दिला पहिल्यांदा."

"त्यांचं नाव कधी घेता?"

"नाही."

तेव्हा मी जे बोलले ते आधी ठरवून बोलले नव्हते. मी म्हटलं, "आमच्याकडे सत्कार झाला की उत्तर द्यायची पद्धत आहे. दोन शब्द बोलावेच लागतात. शनिवारी आलात तर त्यात त्यांचं नाव घ्या. जमणार नसेल तर येऊ नका, मी सांगेन तुम्हाला बरं नाही म्हणून." त्यानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मी वळले तेव्हा मागून छिन्नीचा आवाज येईल असं वाटत होतं, पण रस्त्यापर्यंत पोचले तरी आला नाही. घरी आल्यावर विचार करत बसले, की म्हाताऱ्या माणसाला असं कोंडीत पकडायचा मला काय अधिकार? आणि त्यानं खरंच भर सभेत सांगितलं आणि कुणी पोलिसांना कळवलं तर?

शनिवार

कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. नऊवारी साड्या, त्यावर जाड जॅकेटं, बाहेर बर्फाचे पहिले कण. दीपमाळ स्टेजच्या बाजूला उभी केली होती. ज्योत पेटवायला परवानगी नाही म्हणून तिच्या हातांवर बॅटरीचे दिवे ठेवलेले. ते मिणमिणत होते, तरी दगडाला शोभा आली होती. मी दाराकडे डोळे लावून बसले होते. येऊ नये असं वाटत होतं, हे मी लपवत नाही. न आला तर सगळेच सुटत होते.

तो आला. काळी मखमली पट्टीची गोल हॅट, भरतकाम केलेलं काळं जाकीट, त्याच्या गावचा सणासुदीचा वेष. रोझेन त्याचा हात धरून होती. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही, पण खुर्ची माझ्याशेजारचीच मिळाली.

मानपत्र मी फाडून टाकलं होतं. नवं लिहिलं होतं ते चार ओळींचं: यान यांनी आमच्या स्वयंपाकघरांना पाटे दिले, दिवाळीला दीपमाळ दिली, पैसे घेतले नाहीत, मंडळ आभारी आहे. मंदारनं "एवढंच?" अशा नजरेनं बघितलं. शाल घातली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. मग त्यानं माइक पुढे केला.

यान ब्रेटनमध्ये बोलला.

मला क्षणभर राग आला, की पळवाट काढली. मग रोझेनचा श्वास अडकल्याचं ऐकू आलं. ती न सांगताच माझ्या कानाशी इंग्रजीत पुटपुटायला लागली, जणू स्वतःलाच सांगतेय. "म्हणतायत, ही शाल माझी नाही... एमिल गोर्देन... आमच्या गावचे शिक्षक... मी त्यांना पकडून दिलं. मी. कुणी मारलं नव्हतं मला, विचारलं आणि मी सांगितलं... त्यांच्या बायकोनं माझ्या आईकडे येऊन विचारलं होतं, कुणी सांगितलं असेल... आणि मी आत बसून जेवत होतो." नंतर तिला पुढचं सांगता येईना. यानचा आवाज एकदाही चढला नाही. नाव मात्र त्यानं तीनदा घेतलं, शेवटी तर अगदी सावकाश.

तो थांबला आणि सभागृहानं कडकडून टाळ्या वाजवल्या. मागचे काही जण तर उभे राहिले. "आपली भाषा शेवटपर्यंत सोडली नाही, काय माणूस आहे!" असं माझ्यामागे कुणीतरी म्हणालं. यान माइक धरून तसाच उभा, टाळ्या अंगावर घेत. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

मंदार माइकवरून म्हणाला, "काकू, तुमची त्यांच्याशी ओळख आहे. काय म्हणाले, थोडक्यात सांगता का सगळ्यांना?"

तिसऱ्या रांगेत निनाद बसला होता. त्यानं हळूच मान हलवली, नको. मान डोलवायची आणि पुढं जायचं. 'त्यांनी सगळ्यांचे आभार मानले', एवढं म्हटलं असतं तर संपलं होतं. मी उठले. रोझेननं माझा हात धरला. थांबवायला धरला की धीर द्यायला, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी मराठीतून सांगितलं. म्हटलं, "त्यांनी सांगितलं की लढाईत त्यांनी आपल्या गावच्या एका शिक्षकाला शत्रूच्या हाती दिलं. ते शिक्षक परत आले नाहीत. त्यांचं नाव एमिल गोर्देन. हा सत्कार त्यांना नको आहे, हे नाव तुम्ही ऐकावं एवढंच त्यांना हवं होतं. आपण त्या शिक्षकांसाठी उभं राहू. आणि हे इथून बाहेर नेऊ नका, एवढी माझी विनंती आहे."

यानला मराठी येत नव्हतं. आधी तो ज्या भाषेत बोलला ती कुणाला कळली नव्हती, आता मी बोलले ते त्याला कळत नव्हतं. तो फक्त समोरचे चेहरे बघत होता. टाळ्यांचे चेहरे एकेक करून उतरत गेले, आणि त्यावरून त्याला कळलं. लोक उभे राहिले, काही पटकन, काही एकमेकांकडे बघत. दोघंतिघं बसूनच राहिले. यान मान खाली घालून उभा होता. त्यानं हॅट काढली.

शांतता संपल्यावर मंदारला काय करावं सुचेना. शेवटी त्यानं जेवण तयार असल्याचं सांगितलं. याननं खांद्यावरची शाल काढली, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली. "आता ऐकलं गेलं," एवढंच म्हणाला. रोझेन त्याला घेऊन गेली. नारळ टेबलावर राहिला. जेवताना आमच्या टेबलाशी फारसं कुणी आलं नाही. गाडीत मागच्या सीटवरून इरानं मला विचारलं, "आजी, यान आजोबा वाईट आहेत का?" मराठीत विचारलं. मला त्याचाही आनंद झाला नाही.

कऱ्हाड

कुणी चौकशीला आलं नाही. मी परत येईपर्यंत रोज दाराची बेल वाजली की आधी पडद्याआडून बघायचे, पण कुणी आलं नाही. निनादचं ग्रीन कार्ड पुढे यथावकाश झालं. निघण्याआधी एकदा त्या अंगणाशी बसमधून उतरले. फाटक बंद होतं. पुढच्या हिवाळ्यात यान गेला, त्याच्या घरीच, झोपेत. निनादनं फोनवर सांगितलं आणि म्हणाला, "गौरी पाटा परत वापरायला लागलीय."

शाल माझ्या कपाटात आहे. कुणाला द्यावी कळत नाही, आणि अंगावर घेववत नाही.

मागच्या नऊ ऑगस्टला नानांच्या आणि बाकीच्यांच्या नावांनंतर मी आणखी एक नाव घेतलं, एमिल गोर्देन. भाऊ म्हणाला, हे कोण? मी म्हटलं, एक शिक्षक होते. फितुराचं नाव या घरात घ्यायचं नाही हा आप्पांचा नियम, तो मी त्या दिवशीही पाळला. पण हे लिहायला बसले आणि पानागणिक एका फितुराचंच, यानचं, नाव लिहीत गेले. रोज खुर्ची फिरवून, आप्पांच्या फोटोकडे पाठ करून लिहिलं.